बांधाखालचं गवत

त्या गवताला फूल नाही, फळ नाही, बी नाही, पान म्हणावं असं धड पानसुद्धा नाही, आणि तरी ते मेलं मरत नाही. उदगीरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. दर वर्षी मी फळ्यावर त्याचं चित्र काढायची, दर वर्षी पोरं विचारायची की मॅडम, हे परीक्षेला येतं का, आणि दर वर्षी मी त्यांच्यावर खेकसायची. पुस्तकात त्याचं नाव इक्विसेटम. इंग्रज लोक त्याला घोड्याचं शेपूट म्हणतात. आमच्या भागात त्याला नावच नव्हतं. ज्याचा चारा होत नाही, ज्याची भाजी होत नाही आणि जे देवाला वाहता येत नाही, त्याला नाव द्यायला आमच्याकडं कुणाला सवड आहे?

आमच्या रानात मात्र त्याला नाव मिळालं. म्हातारीचं गवत. हे दोन शब्द ऐकले की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि खरं बोलायचं तर ती आग सगळ्यांत आधी माझ्यावरच निघायला पाहिजे होती. ती निघाली नाही. ती मी भावावर काढली, खताच्या दुकानदारावर काढली, वर्गातल्या पोरांवर काढली. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आधी गवत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हिरवी, पोकळ, सरळ काडी. उसाला असतात तशी तिला पेरं असतात. प्रत्येक पेराच्या सांध्यावर बारीक काळ्या दातांची एक पट्टी असते, आणि पानं म्हणून जे काही असेल ते तेवढंच. काडी ओढली की बरोबर सांध्यावर तुटते. लहान पोरं ती तोडतात, परत एकात एक खुपसतात, परत तोडतात. हात फिरवला तर खरखरीत लागते, कारण हे झाड जमिनीतली वाळू अंगात मुरवून घेतं. पितळेचा तांब्या घासला तर लखलखीत निघेल. शेंड्याला एक छोटं बोंड येतं, त्यातून पिठासारखी धूळ उडते. बी नाही, धूळच. हाडाची जनावरं जमिनीवर चालायला लागली नव्हती, तेव्हापासून ह्याचं खानदान आहे. तेव्हा ह्याचे भाऊबंद ताडामाडाएवढे उंच होते. ते सगळे गेले, कोळसा झाले. हे गुडघ्याएवढं राहिलं आणि टिकलं.

टिकलं ते जमिनीखालच्या खोडामुळं. वर दिसतं ते काहीच नाही. खाली काळं, दोरीसारखं खोड पसरत जातं, आडवं आणि खोल, माणूस उभा गाडला जाईल इतकं खोल. त्याच्या प्रत्येक सांध्याला डोळा असतो. तुकडा केला की तुकड्याचं झाड होतं, दहा तुकडे केले की दहा झाडं होतात. त्याला फक्त ओल पाहिजे. ओल असलेली, जरा रेताड जमीन मिळाली की ते कुणाच्या बापाला विचारत नाही.

आम्ही ते आणायचो विष्णुपुरीहून. धरणाच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या काठी ओली वाळू असायची, तिथं त्याचा हिरवागार पट्टा होता. दर वर्षी सहलीची बस तिथं थांबायची. पोरं काड्या उपटायची, वर्तमानपत्रात दाबायची, फोटो काढायची आणि चिवडा खाऊन परत यायची. एका वर्षी गेलो तर पट्टाच नव्हता. वाळू काढणाऱ्यांनी काठ खरवडून नेला होता. जागोजागी खड्डे, खड्ड्यांत हिरवं पाणी. मी त्या काठावर उभी राहून इतकी बडबडले, की बसचा ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, वाळू चोरीला गेली तर लोक तहसीलदाराला सांगतात, तुम्ही नदीला काय सांगून राहिलात?

एका खड्ड्याच्या कडेला थोडं उरलं होतं. मी हातानं उकरलं, मुळासकट, काळ्या दोऱ्यांसकट काढलं आणि प्लास्टिकच्या बकेटीत ओल्या वाळूत रोवून उदगीरला आणलं. कॉलेजच्या बागेत लावायचं ठरवलं होतं. पण तपासणीची समिती यायची होती, आणि वरच्यांनी बाग उखडून तिथं पेवर ब्लॉक बसवायचं काढलं होतं. वनस्पतिशास्त्राच्या विभागासमोर सिमेंट. मी भांडले. मला सांगण्यात आलं, तुमचं ते गवत घरी कुंडीत लावा. कुंडीत ते जगलं असतं की नाही देव जाणे. उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार, कुंडीला कोण घालतंय?

म्हणून मी ते माहेरच्या रानात नेऊन लावलं. जळकोटच्या बाजूला आमची जमीन आहे. आईवडील गेले, रान धाकटा भाऊ कसतो. विहिरीची मोटार चालू झाली की पाइपाच्या सांध्यातून पाणी गळतं, तिथं बारा महिने ओल असते. भाऊ आणि भावजय त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. मी एसटीनं गेले, विहिरीपासून बांधापर्यंतच्या ओलीत खुरप्यानं ते लावलं, हात धुतले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. भावाला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे काय, असं वाटलं. एक मूठभर गवत. नाही म्हटलं तरी मला बरं वाटत होतं, की नदीत नाही तर निदान आमच्या रानात ते राहील. मास्तरणीला वाटतं तसं वाटत होतं.

बांधाच्या पलीकडं मावशीचं रान. आमची सख्खी मावशी नव्हे, सगळं गावच तिला मावशी म्हणतं. नवरा जाऊन फार वर्षं झाली, लेक लातूरला कंपनीत कामाला, आणि ही एकटी त्या पट्टीत मेथी, चुका, कोथिंबीर करते. पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाते. तिच्या रानाला सरकारी रस्ता नाही. गावच्या सडकेवरून तिला आमच्या रानातून, बांधाच्या कडेनं यावं लागतं. ही वाट नकाशावर नाही. पण माझ्या वडिलांच्या वडिलांपासूनची ती वहिवाट आहे. दुसरी वाट म्हणजे ओढ्यातून, मोठा वळसा घालून. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो. पावसाळ्यात त्यात पाणी असतं.

दोन वर्षं मी त्या गवताकडं पाहिलंही नाही. तेवढ्यात ते त्याच्या स्वभावानं वागलं. विहिरीजवळ थोडं राहिलं, लव्हाळ्यात मिसळून गेलं, भावाच्या नजरेतही भरलं नाही. खालून मात्र ते बांध ओलांडून गेलं. मावशी पालेभाजीला रोज पाणी देणार, तिची जमीन कायम ओली. ओलीला ते धावलं. तिच्या मेथीच्या वाफ्यात ते असं दाट उठलं, की जणू तिनंच पेरलं होतं. आणि तिथून बांधाच्या अलीकडं, आमच्या सोयाबीनच्या कडेला, परत वर आलं. माणसाला दिसलं ते एवढंच: मावशीकडं दाट, आमच्याकडं कडेकडेनं. म्हणजे तिकडून इकडं आलं.

त्यात भर म्हणजे आदल्या वर्षी मावशीनं रानातल्या खोलीला गिलावा करायला एक ट्रॉली वाळू आणली होती. तो ढीग बांधालगतच पडून होता. भावानं दोन आणि दोन पाच केले. म्हातारीच्या वाळूतून हे आलं, म्हणाला. गावातल्या चार लोकांनीही माना डोलावल्या, कारण गावाला मान डोलवायला काय लागतं.

मी सुटीत गेले होते. भाऊ मला बांधावर घेऊन गेला, भावजय आणि गावातली चार माणसंही बरोबर होती. मी ते गवत पाहिलं. एका नजरेत सगळं कळलं मला. कुठून कुठं गेलं, खालून कसं गेलं, सगळं. बांधाच्या पलीकडं मावशी वाकून मेथीतून त्या काड्या उपटत होती. भाऊ मोठ्यानं बोलला, तिला ऐकू जाईल असं.

"अक्का, तू ह्यातलीच मास्तरीण हायस. तूच सांग, हे वाळूतून येतं का न्हाई?"

मी म्हणाले, "वाळूतून येऊ शकतं."

ह्या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. नदीच्या वाळूत त्याचे तुकडे असतात, ट्रॉलीतून ते कुठंही जाऊ शकतात, परीक्षेत कुणी असं लिहिलं तर मी पूर्ण मार्क दिले असते. आणि इतकं खोटं मी जन्मात बोलले नाही. का बोलले? लाज वाटली म्हणून. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईनं आपल्या हातानं रानाची नासाडी केली, हे भावासमोर, भावजयीसमोर, बांधावर उभ्या चार माणसांसमोर म्हणायला जीभ रेटली नाही. म्हटलं, नंतर सांगू. एकटा असेल तेव्हा सांगू. मावशीनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली वाकली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं झालं, आणि सुळी चढवणारी मी.

आठ दिवसांत भावानं वाट बंद केली. सडकेकडून आत येतो तिथं बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. वर म्हणाला, हिच्या पायाला लागून अजून गवत यायचं. पायाला लागून. इक्विसेटम पायाला लागून जात नाही रे गाढवा, असं मी त्याला फोनवर ओरडून म्हणाले. मग कशाला लागून जातं, असं त्यानं विचारलं. मी फोन ठेवून दिला.

मग सुरू झाला गवत मारायचा खेळ. त्यानं रोटाव्हेटर आणला. मी फोन करून सांगितलं, की नको, बाबा, नको, त्याचे तुकडे करू नकोस, एकाचे शंभर होतील. तर म्हणाला, अक्का, तुझं पुस्तक तुझ्यापाशी ठेव, रान मी कसतो. फिरवला. पाऊस पडला आणि पंधरा दिवसांत ते गवत रोटाव्हेटरच्या पट्ट्यांत ओळीनं उठलं. कडेकडेनं होतं ते मधोमध आलं. मग दुकानदारानं त्याला तणनाशक दिलं. त्या दुकानदाराशी मी दुकानात जाऊन भांडले. ह्याला पान नाही, औषध बसणार कुठं, वरच्या अंगाला वाळूचं कवच आहे, खालचं खोड तर माणसाएवढं खोल, तू काय विकून राहिलास? तो शांतपणे म्हणाला, मॅडम, गिऱ्हाईक मागतं ते मी देतो. काड्या करपल्या. भाऊ खूश झाला. खालून परत हिरव्या आल्या.

आता मला सांगा, ह्याला काय उपाय होता? ओल मोडणं. गळका पाइप दुरुस्त करणं, चर खणून पाणी काढून देणं, आणि वर येईल ते दर आठवड्याला कापत राहणं, वर्षानुवर्षं, ते खाली उपाशी मरेपर्यंत. हे मला माहीत होतं. पण गळक्या पाइपाचं नाव काढलं की मूळ जागेचं नाव निघणार. म्हणून पाइपाबद्दल मी गप्प. मावशीबद्दलही गप्प. मी, जी एसटीत कुणी खिडकीतून थुंकलं तरी कंडक्टरशी भांडते, ती गप्प.

दोन पावसाळे मावशी ओढ्यातून गेली. मला हे कुणी मुद्दाम सांगितलं नाही. भावजय बोलता बोलता सांगायची. की म्हातारी आज गुडघाभर पाण्यातून आली. की पाय घसरला, पाटी पाण्यात गेली, कोथिंबिरीच्या जुड्या वाहत वाहत पुढं गेल्या आणि पोरं टाळ्या पिटत होती. की मनगट सुजलंय. ऐकलं की मी भावजयीवरच चिडायची. मला कशाला सांगतीस, तुझ्या नवऱ्याला सांग. ती बिचारी म्हणायची, वन्सं, त्यांना सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

भावाला एकटा गाठून सांगायचं म्हणून मी चार वेळा तरी गेले असेन. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. कधी त्याला घाई, कधी पाहुणे, कधी मलाच वाटायचं की आता एवढे दिवस गेले, आता काय सांगायचं. पाप शिळं झालं की उलट जास्त जड होतं, हे तेव्हा कळलं.

मग येळवस आली. वेळा अमावास्या, आमच्या भागात येळवसच म्हणतात. त्या दिवशी लातूर-उदगीरची गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगड मांडून चुन्यानं रंगवायचे, पूजा करायची, सगळ्या शेंगा-पाल्याची एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील, खीर. आंबील रानभर शिंपडत "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत फिरायचं. आणि त्या दिवसाचा कायदा एकच: सडकेवरून जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारायची आणि जेवायला बसवायचं. ओळख लागत नाही. जात विचारायची नाही. वैरी असला तरी त्या दिवशी त्याला उपाशी पुढं जाऊ द्यायचं नाही. माझे वडील तर सडकेवर उभे राहून मोटरसायकली अडवायचे.

भावाची कोप मोठी होती. त्याच्या सासुरवाडीची माणसं आली होती, गावातली चार-सहा मंडळी होती. बांधाच्या पलीकडं मावशीची कोप. चार पेंढ्या कडबा, वर एक जुनं लुगडं टाकलेलं. ती एकटी. तीस पावलांवर.

भाऊ सडकेवर गेला, एका मोटरसायकलवाल्याला हात दाखवून थांबवलं आणि घेऊन आला. कर्नाटकातल्या औरादकडचा होता तो, मराठी जेमतेम बोलत होता. भावानं त्याला आग्रह करकरून भज्जी वाढली. तो पाहुणा जेवता जेवता बांधाकडं बघून विचारू लागला, की हे हिरवं हिरवं काय आहे. आणि भावाचा मेहुणा हसून म्हणाला, हे व्हय, हे म्हातारीचं गवत. सगळे हसले.

मी ताट खाली ठेवलं आणि उभी राहिले.

"ते म्हातारीचं न्हाई," मी म्हणाले. "ते माझं हाय. विष्णुपुरीहून बकेटीत घालून मीच आणलं आणि त्या विहिरीच्या ओलीत मीच लावलं. वाळूबिळू सगळं खोटं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

माझा आवाज चढला की थांबत नाही. पाइपापासून रोटाव्हेटरपर्यंत सगळं सांगितलं. मुळं बांधाखालून कशी गेली ते हातानं दाखवलं. पाहुण्याला काही कळत नव्हतं, तो एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा ताटाकडं. भावजयीनं पदर तोंडाला लावला होता.

भाऊ म्हणाला, अक्का, सणासुदीचं काय काढलंस हे, जेवण होऊ दे. मी म्हणाले, जेवण होईल, आधी तिची वाट उघड. तो म्हणाला, की झालं ते झालं, पण वाट बंद आहे ते एका अर्थी बरंच आहे, कडेचं सोयाबीन कुणी तुडवत नाही, पेरणीचे दोन तास जास्तीचे निघतात.

म्हणजे गवत केव्हाच बाजूला पडलं होतं. माझ्या एका वाक्यावर त्यानं काट्या टाकल्या, आणि काट्यांखाली त्याला दोन तासांची जमीन सापडली. ह्याच्यासाठी मी दोन वर्षं झुरत होते, की खरं कळल्यावर ह्याला किती वाईट वाटेल.

मी त्याला म्हणाले, सातबाऱ्यावर तुझ्याबरोबर माझं पण नाव आहे. मी हक्कसोडपत्र करून दिलेलं नाही. ही वाट माझ्या हिश्श्यातून जाते असं समज, आणि उद्या तहसीलला जाऊन मी हे लेखी देईन.

आमच्याकडं बहिणीनं हे बोलायचं नसतं. साडी-चोळी घ्यायची, पंचमीला यायचं, आणि कागद पुढं आला की सही करायची. बहिणीनं सातबारा म्हटला की माहेर संपलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो उठला, हात न धुता तसाच माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अक्का, माहेर पायजे का न्हाई तुला?"

पायजे होतं. का नको असेल? आईच्या हाताची चूल त्या घरात आहे. ह्याला मी कडेवर घेऊन शाळेत नेलंय. मी चप्पल घातली आणि वाटेच्या तोंडाशी गेले.

बाभळीच्या काट्या दोन वर्षांत वाळून एकमेकींत गुंतल्या होत्या. एक ओढली की चार येत होत्या. हाताला रक्त आलं, साडी फाटली, आणि मी मोठमोठ्यानं शिव्या घालत होते. कुणाला ते मलाही माहीत नाही. मागून पावलं वाजली. मला वाटलं भाऊ. भावजय होती. पुढं दोन फाटे असलेली काठी घेऊन आली होती, काट्या उचलायला असते ती. तिनं काठीनं काट्या उचलायच्या, मी बाजूला ढकलायच्या, असं करत आम्ही दोघींनी ती वाट मोकळी केली. कोपीतून कुणी आलं नाही, पण कुणी अडवायलाही आलं नाही.

मग मी त्याच वाटेनं बांधाच्या कडेकडेनं मावशीकडं गेले. तिचं जेवण झालं होतं. दुसऱ्या दिवशी बाजार, म्हणून ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, परत पहिल्यापासून, एका दमात. ती जुडी बांधायची, पाण्यात बुडवायची, झटकायची, पाटीत ठेवायची. माझं बोलणं संपेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. "तू लावून राहिली होतीस तवा मी हितंच मेथी खुडून राहिले होते. बकेट घेऊन आलीस, खुरप्यानं लावलीस. म्हणलं, काय तरी फुलझाड लावती बाय."

मला रागच आला. खरंच राग आला, तिचा. मग दोन वर्षं तोंड शिवून का बसलीस? भावाला सांगायचं, पाटलाला सांगायचं, माझ्या तोंडावर सांगायचं. मी तिच्यावर ओरडत होते. जिची मी वाट बंद केली तिच्यावर.

ती सावकाश म्हणाली, "कुणाला सांगू माय? तू शिकलेली. तू म्हणलीस वाळूतून येतं. माझं कोण खरं मानलं असतं? म्हणलं, तिला म्हाईत हाय ना, ती बोलंल. आज बोलंल, उद्या बोलंल, म्हणून बघून राहिले."

तिनं मला शिव्या घालाव्यात म्हणून मी तिथंच उभी राहिले. तिनं घातल्या नाहीत. शेवटची जुडी ठेवली, पाटीवर ओलं गोणपाट पसरलं, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि पाटीजवळ उकिडवी बसली.

"हात लाव, माय," ती म्हणाली.

मी एका बाजूनं पाटी धरली आणि उचलली. ती जमिनीवरून हललीसुद्धा नाही. पाय रोवून, दोन्ही हातांनी परत उचलली, तेव्हा कशीबशी तिच्या डोक्यापर्यंत गेली. मावशी उठून उभी राहिली, मानेनं तोल धरला आणि मला धाप लागलेली बघून म्हणाली, "ही हलकीच हाय. ओढ्याच्या पाण्यात भिजल्यावर जड होती."

आणि ती मोकळ्या वाटेनं सडकेकडं निघाली.